भाऊसाहेबांचा तोतया

पानिपतच्या रणात १४ जानेवारी १७६१ रोजी नाहीसे झालेले मराठा सेनापती सदाशिवराव चिमणाजी ऊर्फ भाऊसाहेब ते आपणच, असा दावा करणारा अठराव्या शतकातील इसम. खरे नाव सुखनिधान, जातीने कनोजी ब्राह्मण, मूळचा उत्तरेकडचा. पानिपतानंतर काही वर्षांतच तो उजेडात आला, पकडला गेला, कैदेत पडला. १७७६ साली रत्नागिरीतून सुटून त्याने कोकणात मोठे बंड उभे केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. त्याची हकिगत ‘तोतयाचे बंड’ या नावाने ओळखली जाते. मराठी इतिहासात तोतये आणखीही झाले, पण नुसते ‘तोतया’ म्हटले की अजूनही हाच डोळ्यांपुढे येतो.

भाऊसाहेब म्हणजे चिमाजी अप्पांचे पुत्र, नानासाहेब पेशव्यांचे चुलतबंधू. जन्म १७३०चा. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा मोड करून ते उत्तरेत निघाले, तेव्हा पेशवाईतला सगळ्यात कर्ता माणूस अशीच त्यांची ख्याती होती. पानिपतच्या दिवशी दुपारनंतर नानासाहेबांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. त्यानंतर आपल्या माणसांपैकी कोणाला ते दिसले नाहीत. हत्तीवरचा सेनापती साऱ्या फौजेला दिसतो, घोड्यावरचा गर्दीत हरवतो. पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ त्या एका क्षणात आहे.

विश्वासरावांचे प्रेत सापडले, अब्दालीच्या छावणीत नेले गेले आणि असंख्य लोकांनी पाहिले, म्हणून त्यांच्या मृत्यूबद्दल वाद उरला नाही. भाऊसाहेबांच्या बाबतीत मुख्य पुरावा आहे तो काशीराज पंडित यांचा. ते अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला, जो अब्दालीच्या बाजूने होता, त्याच्या पदरी होते आणि लढाईच्या वेळी छावणीत हजर होते. १७८०च्या सुमारास त्यांनी फारसीत लिहिलेल्या वृत्तान्तानुसार रणांगणावर एक मुंडके नसलेले धड मिळाले. ओळख पटवली ती अंगावरच्या खुणांवरून. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग होता, तळपायावर शुभ मानल्या जाणाऱ्या रेषा होत्या आणि पाठीवर जुन्या वाराचा व्रण होता. हा व्रण महत्त्वाचा. पानिपताच्या मोहिमेआधी मुजफ्फरखान गारद्याने भाऊसाहेबांवर कट्यारीचा वार केला होता, ही गोष्ट दरबारात सर्वांना ठाऊक होती. शीर नंतर एका दुराणी, म्हणजे अब्दालीच्या अफगाण फौजेतल्या, शिपायाकडे मिळाले. शुजाच्या मध्यस्थीने धडाला आणि शिराला अग्नी मिळाला, पण वेगवेगळा. अठराव्या शतकातल्या रणांगणावर एवढा पुरावा मिळणे हेच पुष्कळ. तरी शेकडो कोस दूर पुण्यात बसलेल्या माणसाला तो पुरेसा वाटला नाही, हेही समजण्यासारखे आहे.

नानासाहेब पेशव्यांना भेलशाच्या वाटेवर जी बातमी मिळाली, ती सावकारी सांकेतिक भाषेतली होती. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा तिचा आशय. दोन मोत्यांतले एक म्हणजे भाऊसाहेब. पण पत्र हे पत्रच, प्रेत नव्हे. नानासाहेब त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर वारले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई, पेणच्या कोल्हटकरांच्या कन्या, स्वतः पानिपतावर होत्या. जानू भिंताडा नावाच्या निष्ठावंत माणसाने त्यांना रणधुमाळीतून बाहेर काढले. त्या पुण्यास परतल्या त्या सौभाग्यलेणी तशीच लेवून. पती गेल्याचे त्यांनी कधीच मान्य केले नाही. १७८३ मध्ये त्या वारल्या, तोपर्यंत भाऊसाहेबांची उत्तरक्रिया थांबलेली होती. बावीस वर्षे पेशव्यांच्या घरातली एक स्त्री कुंकू लावून वावरत होती आणि शहर ते पाहत होते. तोतयाला शिरायला दार उघडे राहिले ते इथे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या घराने मृत्यूवर शिक्का मारला नाही, त्या घरात मेलेला माणूस परत येऊ शकतो, असे लोकांनी धरून चालणे स्वाभाविक होते. पार्वतीबाईंना यात दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या हाती ना प्रेत आले, ना अस्थी.

सुखनिधान प्रथम उत्तरेत, बुंदेलखंडाच्या बाजूला, भाऊसाहेब म्हणून वावरू लागला. चेहऱ्यामोहऱ्याचे साम्य होते असे सांगतात. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत तो पकडला गेला, चौकशीत त्याने आपले खरे नाव-गाव कबूल केले आणि त्याचा प्राण न घेता त्याला कैदेत टाकण्यात आले. एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर असे करत तो अखेर रत्नागिरीस पोहोचला. माधवराव असेपर्यंत प्रकरण मिटल्यासारखेच होते. पेशवा कर्ता असला की तोतयाला गिऱ्हाईक मिळत नाही.

१७७६ साली परिस्थिती पार पालटलेली होती. माधवराव १७७२ मध्ये गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. गादीवर सवाई माधवराव, वय जेमतेम दोन वर्षे. कारभार बारभाईंच्या हाती, म्हणजे सखारामबापू बोकील, नाना फडणीस आणि मंडळींच्या. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले, आणि मार्च महिन्यात इंग्रजांशी पुरंदरचा तह झालेला. अशा वेळी एखाद्या प्रौढ, उदगीरच्या विजेत्या, पेशव्यांच्याच रक्ताच्या पुरुषाची किंमत किती, हे वेगळे सांगायला नको. तो प्रकट झाला तर बारभाईंना बाजूला व्हावे लागले असते आणि राघोबांचा हक्कही मागे पडला असता. म्हणून कारभाऱ्यांवर नाराज असलेल्या प्रत्येकाला तोतया खरा असायला हवा होता. तो खरा आहे का, हा प्रश्न पुष्कळांनी स्वतःला विचारलाच नाही.

रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीच फेब्रुवारी १७७६ मध्ये कैद्याला मोकळे केले आणि त्याचा पक्ष घेतला. ज्याने पहारा ठेवायचा त्यानेच द्वाही फिरवली, त्यामुळे लोकांचा संशय फिटला. सुभेदार काही वेडा नाही, त्याने खातरी केली असणारच, हा साधा हिशेब. कोकणातले किल्ले एकामागून एक त्याला मिळू लागले. बंदरांचे उत्पन्न हाती आले, फौज वाढत गेली, आणि घाटावरही कुजबुज सुरू झाली. पुण्यातल्या कारभाऱ्यांची फौज त्या वेळी इतरत्र गुंतलेली होती, त्यामुळे बंडाला कित्येक महिने मोकळे रान मिळाले. पावसाळ्यात घाट उतरून कोकणात मोहीम काढणे कठीण, हेही तोतयाच्या पथ्यावर पडले.

पाऊस सरताच महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजा चालून गेल्या. बोरघाटाच्या परिसरात बंडखोरांचा मोड झाला. तोतया समुद्राकडे पळाला. मुंबईकर इंग्रजांच्या हाती लागला असता तर राघोबांच्या जोडीला आणखी एक हुकमी पान त्यांच्याकडे गेले असते. पण कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्याला वाटेतच पकडले आणि पुण्याच्या स्वाधीन केले. पुण्यात पंचांपुढे चौकशी होऊन तो तोतयाच ठरला आणि हत्तीच्या पायी देण्यात आला. हत्तीच्या पायी देणे ही राजद्रोह्याची शिक्षा. सबंध शहराला दिसेल अशी ती दिली गेली, कारण या वेळी नुसती कबुली पुरणार नव्हती. पहिल्या वेळची कबुली कागदावर असूनही दहा-अकरा वर्षांनी तोच माणूस फौज घेऊन आला होता.

हा खरोखरच भाऊसाहेब असेल का, हा प्रश्न आजही गप्पांतून निघतो. जबरदस्तीची कबुली, घाईची शिक्षा, सत्ता जाण्याची नानांची भीती, अशी कारणे पुढे केली जातात. त्यांत शेवटचे खोटे नाही. नानांना भीती होतीच. पण नाना फडणीस एकोणिसाव्या वर्षी स्वतः पानिपतावर होते, भाऊसाहेबांना त्यांनी रोज जवळून पाहिलेले होते, आणि पुण्यात त्यांच्यासारखे पुष्कळ लोक त्या वेळी हयात होते. पंधरा वर्षांत चेहरा बदलतो, पण पेशव्यांच्या घरातल्या माणसाचे बोलणे, बालपणच्या आठवणी, कारभारातले बारकावे उसने आणता येत नाहीत. बखरींनी आणि पुढे न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाने हा विषय घरोघर नेला. पार्वतीबाईंना पडद्याआडून तोतया दाखवल्याच्या कथाही आवडीने सांगितल्या जातात. त्या ऐकायला हृदयस्पर्शी आहेत, पण त्यांवरून इतिहास ठरवता येत नाही. माझ्या मते सुखनिधान कोण, हे कोडे नाहीच. खरे कोडे परांजप्यांचे आहे. सुभेदार फसला, की त्याने जाणूनबुजून डाव टाकला? आणि टाकला असेल, तर त्याच्या पाठीशी पुण्यातलेच कोणी होते का?

भाऊसाहेब वाचले, ही समजूत हरयाणातही मुळे धरून आहे. रोहतक जिल्ह्यातल्या सांघी गावात असे मानतात की जखमी भाऊसाहेब तिथे आले, नाथपंथाची दीक्षा घेऊन राहिले आणि तिथेच समाधिस्थ झाले. पानिपतजवळच्या ‘काला आंब’ या जागेबद्दल सांगतात की तिथल्या आंब्याच्या झाडाखाली एवढे रक्त सांडले की त्याच्या फळांचा रस काळा निघू लागला. ते झाड आता नाही, जागेवर युद्धस्मारक आहे. त्याच प्रदेशातला रोड समाज आपले नाते पानिपतातून मागे राहिलेल्या मराठ्यांशी जोडतो आणि अलीकडे महाराष्ट्रातून तिकडे जाणे-येणेही वाढले आहे.

पानिपतानंतर जनकोजी शिंद्यांच्या नावाचाही तोतया निघाला. जनकोजी कैद होऊन मारले गेले, तेही गुपचूप, म्हणून तिथेही वाव होता. शंभर वर्षांनी तोच प्रकार नानासाहेब पेशवे (दुसरे) यांच्याबाबत घडला. १८५७ नंतर ते नेपाळच्या तराईत गेले आणि पुढे त्यांचा पत्ता लागला नाही. १८७४ मध्ये ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी नानासाहेब म्हणून एक माणूस पकडून इंग्रजांच्या हवाली केला, पण तपासाअंती तो नानासाहेब नव्हे असे ठरले.

इतर देशांतही हेच दिसते. रशियात ‘भयंकर’ इव्हानचा मुलगा द्मित्री १५९१ मध्ये उग्लिचला बालपणीच मेला, आणि त्याचे नाव घेणारा तोतया १६०५ मध्ये चक्क झार झाला. वर्षभरात त्याला ठार करून त्याची राख तोफेत घालून तो आला त्या पोलंडच्या दिशेने उडवल्याचे सांगतात. तरीही त्यामागून दुसरा द्मित्री आला, मग तिसरा. रशियाच्या शेवटच्या झारची मुलगी अनास्तासिया म्हणवणाऱ्या ॲना अँडरसनचा दावा तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, डीएनए तपासणीने निकालात काढला. उलट बंगालातल्या भवाल संस्थानाच्या खटल्यात, १९०९ मध्ये दार्जिलिंगला मेलेला म्हणून गणलेला कुमार १९२१ साली संन्यासी वेषात ढाक्यात परतला आणि थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे लंडनच्या सर्वोच्च अपिली न्यायपीठापर्यंत, लढून १९४६ मध्ये जिंकला. तो निकाल लागल्यावर काही दिवसांतच वारला. कोर्टाने खरा ठरवलेला असा दावेदार विरळाच, म्हणून तोतयांचा अभ्यास करणारे भवालचा खटला आवर्जून वाचतात.