पस्तिशीची अट आणि त्यापुढचा हिशेब

अमेरिकेत रात्री नऊला सुरू होणारी अध्यक्षीय डिबेट सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे सकाळी साडेसहाला दिसते. ऐरोली-महापेतून रात्रपाळी संपवून निघालेले लोक ती बसमध्ये मोबाइलवर बघतात. ज्यांची मुलं न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये आहेत, ते तलावपाळीची फेरी लवकर आटोपून टीव्हीसमोर बसतात. मंचावर पस्तिशी-चाळिशीतला कुणी असला की दोन्हीकडे चर्चा एकाच वाक्यावर येऊन थांबते: बोलतो छान, पण अजून लहान आहे.

या वाक्याची दोन्ही टोकं कच्ची आहेत. ठाण्यात प्रभागातला उमेदवार जोखताना कुणी एवढ्यावर थांबत नाही. कोणतं काम मार्गी लावलं, ते लावायचा अधिकार त्याच्या हातात होता का, सोसायट्यांत चालतो पण चाळींत चालेल का, पैसा कुठून येतो, हे विचारलं जातं. अमेरिकी उमेदवाराच्या बाबतीतही गेल्या सव्वाशे वर्षांत निकाल ठरवला तो याच प्रश्नांनी. वयाने फार थोडं ठरवलं.

वयाची अट मूळ राज्यघटनेतली, म्हणजे १७८७ ची. दुसऱ्या कलमात तीन गोष्टी मागितल्या आहेत: वय किमान ३५, देशात किमान १४ वर्षं वास्तव्य आणि जन्मतः नागरिकत्व. प्रतिनिधीगृहाला २५ आणि सिनेटला ३० वर्षं पुरतात. आपल्या घटनेतही लोकसभेला २५, राज्यसभेला ३०, राष्ट्रपतिपदाला ३५ आणि महापालिकेला २१ अशी चढण आहे. आकडे जुळतात, पदं जुळत नाहीत. आपले राष्ट्रपती आमदार-खासदारांच्या मतांनी निवडले जातात, अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, आणि त्या वाटेने तरुण कुणी पोचलेलं नाही. सर्वांत कमी वयात हे पद मिळालं ते द्रौपदी मुर्मू यांना, २०२२ मध्ये, ६४ व्या वर्षी.

जन्माच्या अटीचा मराठी माणसालाही फटका आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणुकीत उतरले, हरले, आणि २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहावर निवडून गेले. अध्यक्षपदासाठी मात्र त्यांना अर्जच भरता येत नाही. तिकडे जन्मलेल्या मराठी मुलांना ती अडचण नाही.

मोठ्या पक्षाचा आजवरचा सर्वांत तरुण उमेदवार १८९६ मधला आहे. नेब्रास्काचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन, वय ३६, गाठीशी प्रतिनिधीगृहातल्या दोन मुदती. तेव्हा शेतमालाचे भाव वर्षानुवर्षं उतरत होते. चलन सोन्याला बांधलेलं असल्यामुळे कर्जाचा आकडा तसाच राही, पण ते फेडायला दरवर्षी जास्त पोती विकावी लागत. सरकारने सोन्याच्या जोडीला १६ ला १ या प्रमाणात चांदीचीही नाणी मुक्तपणे पाडावीत, म्हणजे चलन वाढेल आणि कर्ज हलकं होईल, ही ब्रायन यांची मागणी. या भानगडीत मुंबईही होती. जून १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या, चांदीचा भाव आणखी कोसळला, आणि त्याच वर्षी अमेरिकेने सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द केला.

डेमोक्रॅट पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात ब्रायन यांनी या विषयावर केलेलं भाषण अमेरिकी राजकारणातल्या सर्वांत गाजलेल्या भाषणांपैकी एक. तेव्हा त्या पक्षात उमेदवारीसाठी अधिवेशनातल्या दोन तृतीयांश प्रतिनिधींची मतं लागत. पाचव्या फेरीत ती ब्रायन यांना मिळाली. मग त्यांनी रेल्वेने सुमारे २९ हजार किलोमीटर प्रवास करून सहाशेच्या आसपास सभा घेतल्या. त्याआधी उमेदवाराने असं गावोगाव मतं मागत फिरणं कमीपणाचं मानलं जाई.

प्रतिस्पर्धी रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्ली ओहायोतल्या कँटन गावी आपल्या घराच्या ओसरीवरून हलले नाहीत. रेल्वे कंपन्यांनी सवलतीची तिकिटं दिली आणि लोकच लाखांनी त्यांच्या दारात आले. त्यांचे व्यवस्थापक मार्क हॅना यांनी बँका आणि कारखानदारांकडून सुमारे ३५ लाख डॉलर उभे केले. त्यातून कोट्यवधी पत्रकं अनेक भाषांत छापली गेली. ब्रायन यांच्याकडे त्याच्या जवळपासही पैसा नव्हता. पण पराभवाचं सगळं खापर पैशावर फोडणं सोपं आहे. खरी खोट त्यांच्या मागणीतच होती. चलन वाढून भाव चढले की कर्जदार शेतकरी सुटतो, पण शहरात पगारावर जगणाऱ्या कामगाराची भाकरी महागते आणि पगार लगेच वाढत नाही. ब्रायन यांना ४५ पैकी २२ राज्यं मिळाली, तरी ईशान्येतलं आणि ओहायो-इलिनॉय पट्ट्यातलं एकही औद्योगिक राज्य मिळालं नाही. निर्वाचक मतं, म्हणजे राज्यागणिक वाटलेली आणि अध्यक्ष ठरवणारी मतं, २७१ विरुद्ध १७६. पुढे १९०० आणि १९०८ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. तोवर ते तरुण उरले नव्हते, तरी औद्योगिक पूर्वेने त्यांना जवळ केलं नाही.

पदावर बसलेल्यांत सर्वांत तरुण थिओडोर रूझवेल्ट, ४२ व्या वर्षी. पण ते १९०१ मध्ये मॅकिन्ली यांच्या हत्येमुळे उपाध्यक्षाचे अध्यक्ष झाले. मतदारांनी निवडलेले सर्वांत तरुण जॉन केनेडी, १९६० मध्ये, ४३ व्या वर्षी.

केनेडी तेव्हा १४ वर्षं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत होते: सहा प्रतिनिधीगृहात, आठ सिनेटमध्ये. प्रतिस्पर्धी निक्सन ४७ चे होते आणि दोघे १९४६ मध्ये एकाच वेळी निवडून आले होते. तरीही ‘अनुभव’ हा निक्सन यांचा मुद्दा झाला, कारण त्यांच्यापाशी आठ वर्षांचं उपाध्यक्षपद होतं. स्वपक्षाचे माजी अध्यक्ष ट्रूमन यांनीही जुलैच्या सुरुवातीला जाहीरपणे केनेडींना थांबायचा सल्ला दिला. दोनच दिवसांनी केनेडींनी उत्तर दिलं: निवडून आलेल्या मोठ्या पदावर १४ वर्षं ही कसोटी लावली तर आधीचे बहुतेक अध्यक्ष बाद होतील, आणि चव्वेचाळिशीच्या आतल्यांना वगळायचं तर जेफरसननी स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला नसता. उत्तर चोख होतं, पण केनेडींचं खरं दुखणं वय नव्हतंच. ते कॅथलिक होते आणि तोवर एकही कॅथलिक अध्यक्ष झाला नव्हता.

त्यावर त्यांनी केलेलं काम भाषणाइतकं लक्षात राहत नाही. एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनची पक्षांतर्गत निवडणूक जिंकली, पण प्रॉटेस्टंट भागांत मागे पडले, म्हणून पक्षातल्या मातब्बरांचं समाधान झालं नाही. मग जवळजवळ पूर्णपणे प्रॉटेस्टंट असलेल्या वेस्ट व्हर्जिनियात उतरून १० मे रोजी ह्युबर्ट हम्फ्री यांना हरवलं. अधिवेशनात ७६१ लागत असताना पहिल्याच फेरीत ८०६ मतं घेतली, टेक्सास आणि दक्षिणेसाठी लिंडन जॉन्सन यांना उपाध्यक्षपदाला सोबत घेतलं, आणि सप्टेंबरात ह्यूस्टनला प्रॉटेस्टंट धर्मगुरूंसमोर जाऊन प्रश्न झेलले. २६ सप्टेंबरच्या पहिल्या टीव्ही डिबेटवर सगळं श्रेय ढकलणारे हे सगळं विसरतात. निर्वाचक मतांत निकाल ३०३ विरुद्ध २१९ असा ठसठशीत दिसतो, पण देशभरातल्या पावणेसात कोटींहून अधिक मतांत फरक सव्वा लाखाच्याही आत होता. इलिनॉय नऊ हजारांच्या आसपास मतांनी मिळालं.

कमजोरी दिसली ती पदावर आल्यावर. एप्रिल १९६१ मध्ये, शपथेला तीन महिने होत असताना, गुप्तचर खात्याने आधीच आखलेली क्यूबावरची स्वारी त्यांनी मंजूर केली आणि ती बे ऑफ पिग्जमध्ये फसली. नव्या माणसाला तज्ज्ञांच्या ताफ्याला आडवे प्रश्न विचारणं जड जातं. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचात हेच केनेडी लष्करी सल्ल्यावर लगेच मान डोलावत नाहीत. दुसरी गोष्ट मतदारांना कळलीच नव्हती: तरतरीत दिसणाऱ्या या उमेदवाराला अ‍ॅडिसनचा (अधिवृक्क ग्रंथींचा) विकार होता आणि प्रचारात तो लपवला गेला. तरुण म्हणजे धडधाकट, हे गृहीत धरायची सवय तेव्हाही महागात पडू शकली असती.

केनेडींचा दाखला नंतर अनेकांनी वापरला. १९८८ मध्ये ४१ वर्षांचे डॅन क्वेल उपाध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये म्हणाले की काँग्रेसमधला आपला अनुभव उमेदवार केनेडींच्या तोडीचा आहे. हिशेबाने ते फार चुकत नव्हते, त्यांचीही बारा वर्षं झाली होती. पण समोरच्या लॉइड बेंट्सन यांनी केनेडींसोबत काम केलेलं होतं आणि तुम्ही केनेडी नव्हेत एवढंच ऐकवून त्यांनी सभागृह जिंकलं. वर्षं मोजून अनुभव सिद्ध होत नाही. आपल्याकडे १९७८ मध्ये शरद पवार ३७ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले ते ११ वर्षांची आमदारकी आणि मंत्रिपदं मागे ठेवून. वयाचा विक्रम सांगताना ही बाजू सहसा गाळली जाते.

तरुण वयातला पराभव हीदेखील जमेची बाजू ठरू शकते. बिल क्लिंटन ३२ व्या वर्षी आर्कान्सॉचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. रस्त्यांच्या पैशासाठी त्यांनी वाहननोंदणीचं शुल्क वाढवलं, त्यात क्यूबन निर्वासितांच्या छावणीतल्या दंगलीची भर पडली, आणि १९८० मध्ये मतदारांनी त्यांना घरी बसवलं. १९८२ मध्ये टीव्हीवरून माफी मागून ते परतले. ४६ व्या वर्षी अध्यक्ष झाले तेव्हा एका राज्याचा कारभार बारा वर्षं हाकून झाला होता.

तरुणांसाठी दार रुंद झालं ते १९६८ नंतर. त्या वर्षी हम्फ्री एकही प्राथमिक (राज्यातली पक्षांतर्गत) निवडणूक न लढता डेमोक्रॅट उमेदवार झाले, त्यावर इतका गदारोळ झाला की पक्षाने नियमच बदलले. १९७२ पासून अधिवेशनातले प्रतिनिधी मुख्यतः राज्याराज्यांतल्या मतदानातून ठरू लागले. पक्षाच्या दादांची मर्जी गेली आणि तिची जागा वेळापत्रकाने आणि पैशाने घेतली. प्रत्येक राज्याचे अर्ज, मुदती, सह्या, शुल्क वेगळे. २०१२ मध्ये व्हर्जिनियात १०,००० सह्या लागत, त्यात प्रत्येक मतदारसंघातून किमान ४००. रिपब्लिकन पक्षात तिथे फक्त मिट रॉम्नी आणि रॉन पॉल मतपत्रिकेवर पोचले; न्यूट गिंग्रिच आणि रिक पेरी यांच्यासारखे मुरलेले लोक बाहेर राहिले. सह्या गोळा करणारी माणसं आहेत का, हे भाषणातून कळत नाही. डेमोक्रॅट पक्षात आणखी एक चाळण आहे: राज्यात किंवा मतदारसंघात १५ टक्क्यांखाली राहिलात तर तिथून प्रतिनिधी शून्य.

या चाळणीत अडकलेलं सर्वांत बोधप्रद नाव पीट बुटिजेज. २०२० मध्ये वय ३८, अफगाणिस्तानात नौदलाची राखीव सेवा केलेली, आणि इंडियानातल्या साउथ बेंडचे आठ वर्षं महापौर. शहराची वस्ती एक लाखाच्या आसपास. ठाण्याच्या १८.४ लाख लोकसंख्येवर २०१७ मध्ये ३३ प्रभाग होते, म्हणजे साउथ बेंड हे आपले जेमतेम दोन प्रभाग. यावरून अनुभव हसण्यावारी नेण्याचा मोह होतो, पण पदाचे अधिकार बघायला हवेत. आपल्याकडे महापौर अडीच वर्षांसाठी, नगरसेवकांतून निवडलेला, सभेचं अध्यक्षस्थान भूषवणारा. कारभार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांचा. साउथ बेंडचा महापौर थेट निवडून येतो आणि अंदाजपत्रक आखणं, खातेप्रमुख व पोलीसप्रमुख नेमणं त्याच्याकडे असतं. त्या अर्थाने तो महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत. त्यामुळे श्रेयाबरोबर दोषही त्याचाच.

बुटिजेज यांनी हजार दिवसांत हजार ओसाड घरं पाडायची किंवा दुरुस्त करायची योजना आखली आणि मुदतीत पुरी केली. आकडा प्रचाराला छान होता. पण त्यातली बरीच घरं गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांत होती आणि दंडाच्या नोटिसा परवडत नसलेल्या मालकांनी तक्रारी केल्या. सी-१, म्हणजे अतिधोकादायक, ठरलेली इमारत रिकामी करवणं काय असतं, हे किसननगरच्या आसपास राहणाऱ्यांना समजावून सांगायला नको. त्याआधी कृष्णवर्णीय पोलीसप्रमुखांना पायउतार केल्याचं प्रकरण होतंच. त्यात ऐन प्रचारात, जून २०१९ मध्ये, शहरात एक कृष्णवर्णीय माणूस पोलिसाच्या गोळीने मेला. आयोवात बुटिजेज प्रतिनिधींच्या गणितात बर्नी सँडर्स यांच्या किंचित पुढे राहिले (मतं सँडर्स यांना जास्त होती, आणि निकालाचं अ‍ॅप बिघडल्यामुळे त्या रात्रीचा प्रसिद्धीचा फायदा बुडाला तो वेगळाच). न्यू हॅम्पशायरमध्ये दुसरे आले. ही दोन्ही राज्यं मुख्यतः गोरी. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात, जिथे पक्षाचे निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय, ते आठ टक्क्यांच्या आसपास अडकले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माघार घेतली.

ओबामांकडे २००८ मध्ये सिनेटची तीनच वर्षं होती. वयाने ४७, अनुभवाने बुटिजेज यांच्यापेक्षा फार पुढे नाहीत. फरक हा की आयोवातल्या विजयानंतर त्यांची मतं साउथ कॅरोलायनातही पोचली, छोट्या कॉकस राज्यांत (जिथे मतपेटीऐवजी पक्षाच्या स्थानिक सभांत कौल ठरतो) त्यांची माणसं आधीपासून बसलेली होती, आणि परराष्ट्र धोरणाची उणीव ३६ वर्षं सिनेटमध्ये काढलेल्या बायडन यांना सोबत घेऊन झाकली.

अमेरिकेबाहेर चिलीचे गाब्रिएल बोरिच डिसेंबर २०२१ मध्ये ३५ व्या वर्षी जवळपास ५६ टक्के मतांनी जिंकले. पण संसदेत बहुमत नव्हतं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी पाठिंबा दिलेली नवी राज्यघटना सुमारे ६२ टक्के मतदारांनी फेटाळली. उमेदवार जिंकला म्हणजे त्याचा कार्यक्रम जिंकला असं होत नाही.

पैशाचा हिशेब मात्र ठाण्यात बसूनही तपासता येतो. निवडणुकीच्या आदल्या वर्षी १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि त्यानंतरच्या ३१ जानेवारीला उमेदवारांना संघीय निवडणूक आयोगाकडे तिमाही विवरण द्यावं लागतं आणि ते आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येतं. जमा किती यापेक्षा शिल्लक किती आणि तिमाहीत खर्च किती हे आधी बघावं. जमेइतकाच खर्च होत असेल तर पहिली दोन राज्यं हुकल्यावर विमानाचं तिकीटही जड जातं. मग २०० डॉलरच्या आतल्या देणग्यांचा वाटा. हे देणगीदार पुन्हा पुन्हा देऊ शकतात. कायद्याच्या कमाल मर्यादेइतकं एकदाच दिलेले लोक त्या निवडणुकीपुरते संपलेले असतात.