नारळाचं कलम मिळेल का?

पावसाळा जवळ आला की हा प्रश्न आमच्या रोपवाटिकेत रोज येतो. मिळणार नाही. कुणी 'कलमी नारळ' म्हणून जादा पैसे मागत असेल, तर जरा जपून.

आंब्याचं होतं, मग नारळाचं का नाही? भिजवलेला हरभरा चोळा, त्याच्या दोन डाळी सुटतात. आंबा, काजू, चिंच, तूर ही सगळी अशीच द्विदल. त्यांच्या सालीखाली वाढीचा एक जिवंत थर असतो. दोन काड्यांचे थर भिडवून घट्ट बांधले की ते एकजीव होतात. कलम म्हणजे एवढंच. मका, भात, ऊस, केळी, सुपारी, नारळ ही एकदल. उसाचं कांडं आडवं कापून बघा, रस वाहणाऱ्या नळ्यांचे ठिपके कांडंभर विखुरलेले दिसतील. जुळायला सलग थरच नाही. म्हणून नारळ बियांपासूनच होतो. टी × डी (उंच × ठेंगू) हा संकरित नारळसुद्धा परागीकरण करून केलेला असतो, कलम बांधून नव्हे. रोप घेताना बुंधा जाड आणि पानं पाच-सहा आहेत ना, एवढं बघा. वय 9 ते 12 महिने असावं. केळीचे मुनवे किंवा ऊतिसंवर्धित रोपं मिळतील.

आंब्याचं उलट. हापूसची कोय लावली तर हापूसच येईल याचा भरवसा नाही. म्हणून रायवळ कोयीच्या रोपावर हापूसची काडी बांधतात. लावताना जोड मातीच्या वर ठेवा. जोडाखालून फुटवा आला तर लगेच खुडा. तो रायवळाचा असतो, आणि ठेवला तर तोच झाड बळकावतो.

ही सगळी फुलाफळांची झाडं, जगात सुमारे तीन लाख जाती. याशिवाय हजारभर जातींचं बी फळात झाकलेलंच नसतं, शंकूच्या खवल्यांवर उघडं असतं. देवदार, चीड त्यातले. सुक्यामेव्याच्या दुकानातला महागडा चिलगोजा हे एका चीडाचंच बी. आमच्याकडे या गटातली मोरपंखी, 'ख्रिसमस ट्री' आणि सायकस आहेत. तक्रारीही यांच्याच जास्त येतात. मोरपंखी हिरव्या भागातच छाटा. आतल्या जुन्या, उघड्या लाकडापर्यंत कापली तर तिथून सहसा फुटत नाही. ख्रिसमस ट्रीचा शेंडा मोडू देऊ नका. बाजूच्या फांदीपासून केलेलं रोप आडवंच वाढतं, त्यामुळे बियांचं रोप घ्या, थोडं महाग पडलं तरी. सायकसला लोक 'सॅगो पाम' म्हणतात, पण तो पाम नव्हे. नर-मादी झाडं वेगळी असतात आणि वाढ फार सावकाश. घरात कुत्रा असेल तर सायकस नकोच, बिया तर फारच विषारी.

आणि नेच्याच्या बियांचं पाकीट मागू नका. नेच्याला बीच येत नाही. पानामागचे तपकिरी ठिपके रोग नाहीत, ते बीजाणूंचे पुंजके आहेत. औषध फवारू नका.