मनगटावरचा बिंदू आणि कडक डोहाळे

‘तिला डोहाळे फार कडक लागलेत’ असं म्हटलं की आपल्याकडे आधी आलं-लिंबू पुढे होतं, गोळी नको असते. या धास्तीला इतिहास आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध विक्रीला आलं आणि गर्भारपणातल्या मळमळीवरही दिलं गेलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते तिथे मागे घेतलं जाईपर्यंत हातपाय खुंटलेली हजारो बाळं जन्माला आली होती. पुढे अमेरिकेत मळमळीवरच्या बेन्डेक्टिन या गोळीवर व्यंगाचे आरोप झाले. संशोधनात ते टिकले नाहीत, तरी खटल्यांच्या माऱ्यात कंपनीने १९८३ मध्ये गोळी बंद केली. तिच्यातली डॉक्सिलामाइन हे औषध आणि बी-६ जीवनसत्त्व ही जोडी तिथे २०१३ मध्ये पुन्हा मंजूर झाली; आपल्याकडे डॉक्टर ती सर्रास लिहून देतात.

मधल्या काळात बिनऔषधी उपायांकडे लक्ष वळणं साहजिक होतं. चिनी वैद्यकात मळमळीवर दाबायचा किंवा सुई टोचायचा ‘नेइगुआन’ हा बिंदू फार जुना. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटं मोजायची. आतल्या बाजूच्या दोन शिरांसारख्या लागणाऱ्या स्नायुबंधांमध्ये तो सापडतो. बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी आधी शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांसाठी तिथे सुया टोचून पाहिल्या. मग १९८८ मध्ये ३५० गर्भवतींवरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींनी हा बिंदू दाबायचा, काहींनी कोपराजवळची भलतीच जागा, दर चार तासांनी पाच मिनिटं, चार दिवस. उरलेल्यांनी काहीच दाबायचं नव्हतं. त्रासदायक मळमळ राहिली ती काहीच न दाबणाऱ्या ११९ पैकी ६७ जणींना, भलती जागा दाबणाऱ्या ११२ पैकी ४१ जणींना आणि खरा बिंदू दाबणाऱ्या ११९ पैकी २३ जणींना.

मला यातला मधला आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नुसतं कुठेतरी दाबूनही पुष्कळ जणींना आराम पडला, मग श्रेय बिंदूचं किती आणि विश्वासाचं किती? नंतरच्या चाचण्यांचे निकालही एकमेकांशी जुळले नाहीत. तरीही बाळाला धोका नाही आणि खर्च शून्य, म्हणून हा उपाय टिकला. समुद्रप्रवासात बोट लागण्यावरचे गुंडी लावलेले मनगटी पट्टेही याच बिंदूवर बेतलेले आहेत. २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत सुरुवातीच्या महिन्यांतल्या मळमळीसाठी आलं, बी-६ यांच्याबरोबर सुया टोचण्याचं अ‍ॅक्युपंक्चरही आहे, बाईच्या पसंतीनुसार.

पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी होत असेल, वजन उतरत असेल, तर मात्र मनगट दाबत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.