फखरुद्दीन दुसरा आणि बशीर दुसरा: हे एकाच गादीवरचे दोन अमीर नव्हेत

लेबनॉनच्या इतिहासावरचा कुठलाही सोपा लेख काढा. पहिला मोठा अमीर फखरुद्दीन, त्याच्याच गादीवर पुढे बशीर, आणि मधली दोनशे वर्षं एकच राज्य सलग चाललं, हा पाढा त्यात असतोच. घोटाळा होण्यासारखं आहेही बरंच. दोघांच्या नावापुढे ‘दुसरा’, दोघांचं मूळ बळ शूफच्या डोंगरात, दोघांचाही शेवट इस्तंबूलमध्ये. भरीला फखरुद्दीनच्या मआन घराण्याचं गाव देर अल-कमर आणि बशीरचा बैतुद्दीनचा वाडा एकाच दरीच्या दोन अंगांना आहेत. सहलीला गेलेले लोक वाडा एकाचा पाहतात आणि गोष्ट दुसऱ्याची सांगत येतात.

फखरुद्दीन बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून त्याचं थोडक्यात. मआन घराणं द्रूझ, म्हणजे इस्लाममधून निघालेल्या एका वेगळ्या पंथाचं. 1608 मध्ये त्याने इटलीतल्या टस्कनीच्या मेदिची घराण्याशी करार केला, 1613 मध्ये दमास्कसचा सुभेदार चालून आल्यावर तिकडेच आश्रय घेतला, 1618 मध्ये परतला. उस्मानी (ऑटोमन) सुलतान चौथ्या मुरादच्या काळात पकडला गेला आणि 1635 मध्ये इस्तंबूलला मारला गेला. बशीर 1767 चा. घराणं मूळचं सुन्नी शिहाबांचं, पण त्याची शाखा मारोनी ख्रिस्ती झालेली. 1788 च्या सुमारास तो पुढे आला आणि मध्ये पदच्युती, पलायनं सोसूनही 1840 पर्यंत टिकला. धर्मातला फरक लोक फार रंगवतात. मला तो दुय्यम वाटतो. मआनांचा पुरुषवंश 1697 मध्ये संपला, तेव्हा शूफच्या द्रूझ सरदारांनीच मुलीकडच्या नात्याने शिहाबांना बोलावून आणलं होतं.

खरी गफलत ‘लेबनॉनचा अमीर’ या पदाबद्दल आहे. फखरुद्दीनच्या काळात असं पदच नव्हतं. अमीर हा घराण्याचा मान होता. मआन अमीर, शिहाब अमीर, अर्सलान अमीर. एकाच वेळी डोंगरात अनेक अमीर नांदत आणि त्यांचे भाऊ-पुतणेही अमीरच म्हणवले जात. 1711 च्या ऐन दाराच्या लढाईत अबिल्लमा घराण्याने शिहाबांची बाजू घेतली, म्हणून त्यांनाही अमीर केलं गेलं. या मानाने कुणाला सारा वसूल करण्याचा हक्क मिळत नसे.

मग फखरुद्दीनचा अधिकार कुठून येत होता? सुलतानाच्या सनदेतून. आधी सैदा-बैरूत आणि 1602 पासून सफद या उस्मानी जिल्ह्यांचा, म्हणजे संजकांचा, तो नेमलेला अंमलदार होता. शिवाय ठिकठिकाणच्या वसुलीचे मक्ते त्याने घेतले होते. संजक सुलतान देई, काढून घेई, दुसऱ्याला देई. म्हणून त्याची सत्ता ‘लेबनॉन’च्या आकाराची कधीच नव्हती. ती गॅलिलीत उतरे, बिकाच्या खोऱ्यात पसरे, आणि आजच्या उत्तर लेबनॉनचा मोठा भाग वर्षानुवर्षं त्याच्या वैऱ्याकडे, त्रिपोलीच्या सैफांकडे असे. आजच्या लेबनॉनची सीमा रंगवून त्यावर ‘फखरुद्दीनचं राज्य’ लिहिलेले नकाशे पाहिले की मला मनापासून चीड येते.

1623 ची अंजरची लढाई घ्या. फखरुद्दीनने दमास्कसच्या फौजेचा पराभव केला आणि सुभेदार मुस्तफा पाशालाच कैद केलं. स्वतंत्र राजाने अशा वेळी काय केलं असतं? याने कैदेतल्या पाशाकडून नेमणुका लिहून घेतल्या: जुने संजक कायम करून घेतले, वर गाझाचाही मागितला. रणात जिंकलेला माणूस कागद मागतो आहे, कारण वसुलीचा हक्क कागदावरच चाले. त्याला बंडखोर म्हणा, महत्त्वाकांक्षी म्हणा, पण तो उस्मानी चौकटीच्या आत वर चढणारा माणूस होता. राष्ट्रपिता हे बिरूद त्याला नंतरच्या लोकांनी लावलं.

दोघांच्या मधलं 1660 हे साल विसरलं की सगळंच बिघडतं. त्या वर्षी इस्तंबूलने सैदाचा वेगळा सुभा कायमचा उभा केला, डोंगरावर नजर ठेवण्यासाठीच. त्यानंतर डोंगरातला कुठलाही अमीर एक पायरी खाली गेला. फखरुद्दीन स्वतः जिल्ह्याचा अंमलदार होता आणि दमास्कसच्या पाशाशी बरोबरीने भांडू शकत होता. बशीरच्या डोक्यावर मात्र अक्का या किनाऱ्यावरच्या शहरात बसलेला सैदाचा सुभेदार होता. बशीर त्याचा मक्तेदार. दरसाल खिलत, म्हणजे नेमणुकीचा मानाचा पोशाख, यायची, तेव्हा कारभार पुढे चालायचा. अक्क्याचा सुभेदार अहमद पाशा अल-जज्जार 1804 पर्यंत जिवंत होता तोवर तर ही खिलत शिहाबांतच लिलावासारखी फिरली; जास्त रक्कम कबूल करील त्याची.

बशीरच्या खालीही मोकळं मैदान नव्हतं. जुंबलात, इमाद, अबू नकद, खाझिन अशी घराणी आपापल्या तालुक्यांची वसुली पिढ्यान्‌पिढ्या करत होती. आपल्याकडचे देशमुख आठवा: वरचा राजा बदलला तरी ते जागेवरच. त्यामुळे वरून मागणी आली की बशीरची कोंडी व्हायची. 1820 मध्ये अक्क्याच्या अब्दुल्ला पाशाने जादा रक्कम मागितली. बलाढ्य द्रूझ सरदारांवर ती लादणं बशीरला जमेना, म्हणून त्याने उत्तरेकडच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांवर वसुली बसवली. शेतकरी अंतलियासला जमले आणि त्यांनी द्यायला नकार दिला. बशीर दक्षिण सीरियातल्या हौरानकडे निघून गेला. पाशाने त्याच्या जागी दोन शिहाब नेमले, त्यांनाही पैसा उभा करता आला नाही, आणि बशीरला परत आणावं लागलं. या प्रसंगात एकही मोठी लढाई नाही, म्हणून तो गोषवाऱ्यांतून गळतो. बशीरचं पद काय होतं हे मात्र यातूनच कळतं.

तेव्हा दोघांचे शत्रूही वेगळे. फखरुद्दीन शेजारच्या संजकांसाठी सैफांशी आणि दमास्कसशी लढला. बशीरचं आयुष्य आपल्याच डोंगरातल्या सरदारांना मोडण्यात गेलं. 1825 मध्ये बशीर जुंबलात (हा नावाचा आणखी एक घोटाळा) हरला, अक्क्याला त्याचा गळा आवळून अंत झाला आणि त्याची मालमत्ता जप्त झाली. फखरुद्दीनने परक्यांची मदत घेतली ती टस्कनीची, आणि ती तुटपुंजी ठरली. बशीरने इजिप्तच्या मुहम्मद अलीचा हात धरला. 1831 मध्ये त्याचा मुलगा इब्राहीम पाशाची फौज आली, तिच्यामागे सक्तीची लष्करभरती आणि हत्यारं काढून घेणं आलं, आणि 1840 च्या उठावात व ब्रिटिश, ऑस्ट्रियन, उस्मानी आरमारांच्या माऱ्यात इजिप्तबरोबर तोही बुडाला. आधी माल्टा, मग इस्तंबूल. 1850 मध्ये तिथेच वारला.

फखरुद्दीनचा धाकटा मुलगा हुसेन मात्र वाचला. तो उस्मानी दरबारात वाढला आणि 1656 मध्ये सुलतानाचा वकील म्हणून हिंदुस्थानात शाहजहानकडे आला. शत्रूराजाच्या वारसाची अशी सोय कोण करतं? तो दरबाराच्या लेखी एका बिघडलेल्या अंमलदाराचा मुलगा होता. बापाकडचे संजकही रद्द झाले नाहीत, दुसऱ्या माणसांना मिळाले. बशीरच्या बाबतीत उलट घडलं. त्याच्या जागी आलेला तिसरा बशीर 1842 मध्ये काढला गेला, उस्मानी अधिकारी उमर पाशाला थेट कारभार दिला गेला आणि डोंगराच्या अमीराचं पदच संपलं.