एक किलो साखर की सहाशे मिलिलिटर इथेनॉल?

कच्चं तेल महागलं की कराडपासून मिरजेपर्यंत एकच चर्चा सुरू होते: आता पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त मिसळणार, मग उसाला दरही चांगला मिळणार. कारखान्याचा हिशेब मात्र या वाटेनं जात नाही. डिस्टिलरीची, म्हणजे कारखान्याच्या इथेनॉल बनवणाऱ्या विभागाची, खरी स्पर्धा पेट्रोलशी नसते, शेजारच्या गोदामातल्या साखरेच्या पोत्याशी असते.

आधी तेलाचंच बघू. एका पिंपात १५९ लिटर तेल. डॉलर ८५ रुपयांना आणि पिंप ८० डॉलरना धरलं, तर कच्चं तेल लिटरला ४३ रुपयांना पडतं. शुद्धीकरणाचे आठ रुपये धरले, तर कर लागण्याआधीचं पेट्रोल झालं ५१ रुपये. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला केंद्र सरकारनं २०२२-२३ च्या पुरवठा वर्षासाठी दर दिला ६५ रुपये ६१ पैसे. लिटरला लिटर अशी बरोबरी व्हायला पिंप १०८ डॉलरच्या आसपास जावं लागतं. पण गाडी लिटरवर चालत नाही, उष्णतेवर चालते. लिटरभर पेट्रोलमधून सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, इथेनॉलमधून २१. म्हणजे एक लिटर पेट्रोलचं काम करायला दीड लिटर इथेनॉल लागतं आणि खर्च ९८ रुपयांवर जातो. या हिशेबानं पिंप १७० डॉलरच्या आसपास जायला हवं. जुलै २००८ मधल्या विक्रमी तेजीतही भाव १४७ डॉलरच्या आसपासच थांबला होता.

इथेनॉलच्या बाजूनंही एक भक्कम मुद्दा आहे. त्याचा ऑक्टेन आकडा, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता, १०८ च्या घरात, साध्या पेट्रोलचा ९१. त्या मानानं दाब वाढवून बनवलेलं इंजिन ऊर्जेतली तूट काही अंशी भरून काढतं. जुन्या इंजिनाला हा फायदा मिळत नाही. वीस टक्के मिश्रणात ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा जवळपास सात टक्के कमी असते आणि तेवढा फरक मायलेजमध्ये दिसू शकतो. तेलाची आयात घटून वाचणारं परकीय चलन सरकारच्या हिशेबात येतं, कारखान्याच्या ताळेबंदात नाही.

आता साखर. एक किलो साखर बाजूला काढून आंबवली, तर व्यवहारात सुमारे ६०० मिलिलिटर इथेनॉल हाती येतं. ६५.६१ च्या दरानं त्याचे झाले ३९ रुपये ३७ पैसे. कारखान्याच्या दारात साखर ३८ रुपयांना जात असेल, तर फरक राहतो १ रुपया ३७ पैशांचा, आणि त्यातून आंबवणं, ऊर्ध्वपातन, वाफ हे सगळं भागवायचं. साखर चाळिशीला पोचली की रस डिस्टिलरीकडे वळवण्यात अर्थच उरत नाही, मग तेल कितीही भडको.

म्हणून मळीचा मार्ग जास्त टिकाऊ. साखरेचे ए, बी, सी असे तीन टप्पे काढल्यावर उरते ती सी हेवी मळी. त्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही, म्हणून तिचं इथेनॉल करताना साखरेवर पाणी सोडावं लागत नाही. टनभर उसातून ४० ते ४५ किलो मळी आणि तिच्यातून साधारण १० लिटर इथेनॉल मिळतं. तोच ऊस थेट रसाच्या मार्गानं गेला तर ७० लिटर. सी हेवीपासूनच्या इथेनॉलचा दर जानेवारी २०२५ मध्ये लिटरला ५७.९७ रुपये झाला. दुसऱ्या टप्प्यानंतरची बी हेवी मळी वापरली तर थोडी साखर हातची जाते, पण ही मळी टाकीत साठवता येते. रस साठवता येत नाही, काही तासांत आंबतो. रसावरची डिस्टिलरी म्हणूनच गाळपाचे जेमतेम चार महिने चालते, कर्जाचं व्याज मात्र बारा महिने.

आंबवण्याच्या टाकीत काय बिघडतं, तेही बघायला हवं. दाट मळीत साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट जगत नाही, त्यामुळे ती पाण्यानं पातळ करतात, आम्लता ४.५ ते ५ पीएचवर आणतात आणि तापमान ३२-३३ अंशांवर धरतात. २४ ते ३६ तासांत आठ-दहा टक्के अल्कोहोल तयार होतं. आंबताना उष्णता सुटते. मार्च-एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीकडे सरकला की कूलिंग टॉवरचं पाणीच पुरेसं गार होत नाही. टाकी ३६ अंशांपुढे गेली की यीस्ट मलूल होतं, जिवाणू माजतात, साखरेचं लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्ल होतं. मळी तीच, पण उतारा घसरतो.

ऊर्ध्वपातनानं ९५ टक्क्यांपर्यंतच जाता येतं. उरलेलं पाणी झिओलाइट या सूक्ष्म छिद्रांच्या खनिजाच्या खड्यांनी काढतात. त्यांच्या छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो, इथेनॉलचा मोठा रेणू बाहेरच राहतो. अशानं शुद्धता ९९.५ टक्क्यांवर जाते. हा खटाटोप कशासाठी, ते पावसाळ्यात कळतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी संधान बांधतं आणि दोघांचा थर तळाशी बसतो. तो गाडीत गेला की इंजिन बंद पडतं.

लिटरभर इथेनॉलमागे आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे ऊर्ध्वपातनानंतरचा सांडद्रव, निघतो, गर्द तपकिरी आणि सेंद्रिय द्रव्यानं गच्च. तसाच ओढ्यात सोडला तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. म्हणून तो आटवून बॉयलरमध्ये जाळायचा. त्याच्या राखेत पालाश असतं, ते खत म्हणून शेतात परत जातं. आटवायला लागणाऱ्या वाफेचा खर्च प्रकल्प अहवालात कमी दाखवला, की पुढे अख्खा प्रकल्प तोट्यात जातो.

तेल महागल्याचा चटका उसालाही बसतो. नांगरट, वाहतूक डिझेलवर, युरिया नैसर्गिक वायूवर. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी तर विजेनं उचललेलं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात उसापासूनच्या लिटरभर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असं म्हटलं आहे. जत-आटपाडीसारख्या दुष्काळी भागात हा आकडा फार जड आहे.

ब्राझीलनं १९७५ मध्ये हाच रस्ता धरला. १९८९ च्या सुमारास तेल स्वस्त, साखर तेजीत अशी गाठ पडली. कारखाने साखरेकडे वळले आणि इथेनॉलवरच चालणाऱ्या गाड्या पंपावर अडकल्या. २००३ पासून तिथं कुठलंही मिश्रण चालणाऱ्या गाड्या आल्या. आता चालक साधा नियम पाळतात: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच भरायचं. आपल्याकडे ही निवड ना चालकाच्या हातात, ना पुरती कारखान्याच्या. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून रसापासूनच्या इथेनॉलवर बंदी आली, काही दिवसांत ती मर्यादेसह सैल झाली. तोवर कर्ज काढून उभारलेले प्रकल्प खोळंबले.

एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, २०२२-२३ मध्ये क्विंटलला ३०५ रुपये होती, २०२४-२५ मध्ये ३४० झाली, दोन्ही १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. टनाला ७० लिटर धरले तर नुसत्या उसाचा खर्च लिटरमागे ४३ रुपये ५७ पैशांवरून ४८ रुपये ५७ पैशांवर गेला. रसापासूनच्या इथेनॉलचा दर या दोन्ही वर्षांत ६५.६१ च राहिला.