मुंबई–लंडन: अंतर तेच, वेळ मात्र बदलती

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर या दोन शहरांत दोरा ताणून धरला, तर तो जवळजवळ कराचीवरूनच जातो. सपाट नकाशावर हे चटकन लक्षात येत नाही, पण या मार्गाच्या इतिहासात कराची पुन्हा पुन्हा येते ती त्यामुळेच.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि बोटीचा प्रवास साधारण तीन आठवड्यांवर आला. ३० मार्च १९२९ रोजी 'इंपीरियल एअरवेज'ने लंडन–कराची सेवा सुरू केली. तिला सात दिवस लागत, आणि युरोपातला एक टप्पा तर चक्क रेल्वेने! कराचीला उतरलेलं टपाल पुढे मुंबईला यायचं तेही आगगाडीनेच.

ही कसर भरून निघाली १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. जे. आर. डी. टाटा 'पस मॉथ' हे एका इंजिनाचं चिमुकलं विमान घेऊन सकाळी कराचीहून निघाले. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेले पेट्रोलचे डबे विमानात रिकामे झाले आणि दुपारी टपालाची थैली जुहूला पोचली. आजच्या विमानतळाची सवय असलेल्या माणसाने तेव्हाचं जुहू डोळ्यांपुढे आणून पाहावं. पावसाळ्यात तिथे पाणी साचे, म्हणून विमानांसह सगळा बाडबिस्तरा पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावा लागे. त्याच १९३२ मध्ये लंडनला महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. तिथल्या मराठी माणसांना घरच्या पत्राची वाट पाहण्यातले दिवस कमी होणं किती मोलाचं वाटलं असेल!

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' कैरो आणि जिनिव्हाला थांबत लंडनला गेलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं, ताशी वेग पाचशेच्या आसपास होता तो नऊशेवर गेला. पुढे मधले थांबेही गळाले.

आता जाताना साधारण साडेनऊ-दहा तास लागतात, येताना त्याहून कमी, कारण उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. तिकिटावर मात्र स्थानिक वेळा छापलेल्या असतात. हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक धरल्याशिवाय खरा हिशोब लागत नाही.

या वेळेवर आज इंजिनापेक्षा राजकारणाचा परिणाम जास्त होतो. फेब्रुवारी ते जुलै २०१९ पाकिस्तानने हवाई हद्द बंद ठेवली होती. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ती पुन्हा बंद झाली. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो. मुंबईहून निदान अरबी समुद्रावरून ओमानकडे वळता येतं. तरी कराचीवरून जाणारी जवळची वाट सोडावीच लागते, आणि त्या वळशाचं इंधन शेवटी प्रवाशाच्या भाड्यातूनच वसूल होतं.