पुनर्छायाचित्रण : शहराचा जुना धक्का

जुने छायाचित्र जिथून टिपले गेले, नेमक्या त्याच जागेवरून नवे छायाचित्र घेऊन दोन्ही ताडून पाहण्याची पद्धत. भराव, गोद्या आणि रस्ते यांमुळे पाण्याचा काठच पुढे सरकतो. म्हणून जुन्या धक्क्यांच्या अभ्यासात ती फार उपयोगी पडते.

सगळी मदार उभे राहण्याच्या जागेवर असते. भिंग बदलल्याने चौकट लहानमोठी होते, पण वस्तूंची आपसातली मांडणी जागा हलल्याशिवाय बदलत नाही. आजही शाबूत असलेल्या दोन खुणा घ्याव्यात : जवळचा गोदामाचा कोपरा आणि त्यामागचा मनोरा. जुन्या चित्राच्या मानाने मनोरा कोपऱ्याच्या उजवीकडे गेलेला दिसला, तर आपण डावीकडे सरकावे. कोपरा 40 मी. आणि मनोरा 400 मी. अंतरावर असेल, तर आपली 1 मी.ची चूक मनोऱ्यापाशी 9 मी. होऊन दिसते. दूरची खूण जवळचीच्या मानाने मोठी दिसत असेल, तर पुढे यावे. उंची क्षितिजरेषेवरून कळते : ती समोरच्या इमारतीला जिथे छेदते, कॅमेरा तेवढ्याच उंचीवर होता. छेद दुसऱ्या मजल्यावर आला, तर तिपाई रस्त्यावर नव्हती, खिडकीत किंवा गच्चीवर होती. कॅमेरा वर कलवू नये, भिंती आत झुकतात. सपाट धरून नंतर चित्र कापावे.

भरती-ओहोटीच्या बंदरात धक्क्याच्या पाण्याबाहेर दिसणाऱ्या पायऱ्या मोजून तशीच पातळी असलेली वेळ भरतीच्या कोष्टकातून काढतात. ती आणि सावल्या जुन्या चित्राप्रमाणे पडण्याची वेळ एकाच दिवशी जुळणे दुर्मीळच. जुळवणीत सावल्यांना झुकते माप द्यावे, कारण कडा त्यांच्यामुळे लपतात.

फसगत बहुधा अर्थ लावताना होते. डगेरोटाइपमध्ये (चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरच्या सुरुवातीच्या छायाचित्रात) उजवे-डावे उलटते, आणि काचेची निगेटिव्ह उलटी धरून छापली तरी तेच होते. दुकानांच्या पाट्या आधी वाचाव्यात. सुरुवातीच्या काचा निळ्या प्रकाशालाच संवेदनशील असल्याने आकाश कोरे पांढरे उमटे, त्यावरून हवामान ठरवू नये. ओसाड धक्का म्हणजे मंदावलेला व्यापार, हा निष्कर्षही घाईचा. काचेवर किंवा पत्र्यावर प्रकाश पडू देण्याचा वेळ लांबला की चालती माणसे उमटत नाहीत आणि पाणी धुक्यासारखे गुळगुळीत होते. डगेरोटाइपचे जनक दगेर यांच्या 1838 च्या पॅरिसमधील चित्रात वर्दळीचा रस्ता रिकामा दिसतो, बूट चकाकवून घ्यायला थांबलेला माणूस तेवढा उरतो.